देवीने मागितलेला पंखा

आमच्या तालुक्यात साक्षात देवी प्रकट झाल्याचं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पाहताना मी शुद्धीत होतो, ड्यूटीवर होतो आणि पहिल्या रांगेत होतो. तिथे शंभरेक माणसं असतील. त्यांपैकी हात न जोडलेले आम्ही दोघंच होतो. एक मी आणि दुसरी देवी स्वतः.

देवी त्या वेळी एका महिला दूध उत्पादक सहकारी संस्थेची सचिव होती. वडवणीहून तेलगावकडे जाताना डाव्या हाताला एक फाटा लागतो, त्या फाट्यावरून आत ते गाव. मी तालुका दूध संघाचा पर्यवेक्षक होतो. दर मंगळवारी तिथे जाऊन रजिस्टरं तपासायची, सह्या करायच्या आणि चहा प्यायचा, असं माझ्या कामाचं स्वरूप होतं. सचिवांना सगळं गाव ‘बाई’ म्हणत असे. मीही बाईच म्हणे.

बाई उंच, काटक, पन्नाशीला टेकलेल्या. अंबाड्यात कायम बॉलपेन खोचलेलं असे. खांद्याच्या पिशवीत लॅक्टोमीटर, म्हणजे दुधात पाणी किती ते दाखवणारी काचेची नळी, फडक्यात गुंडाळलेली असे. ही नळी त्या फक्त संस्थेत वापरत असत्या तर हे लिहायची वेळ आली नसती. वडवणीच्या स्टँडवरचे हॉटेलवाले बाई येताना दिसल्या की दुधाचं पातेलं झाकत. एका महाशिवरात्रीला त्यांनी महादेवाच्या देवळात अभिषेकाच्या दुधात नळी सोडली. गुरव कळवळून म्हणाला, “देवाच्या दुधात बी मशीन घालता का बाई?”

“अठ्ठावीस पायजे, हितं बावीस डिग्री हाय,” बाई नळी पुसत म्हणाल्या. “देवाला चालत आसंल. माझ्या संस्थेत चालनार न्हाई.”

‘मापून बोला’ हा त्यांचा मंत्र होता. कुणी म्हणालं, “यंदा लई दुष्काळ हाय,” तर त्या विचारत, “लई म्हंजी किती? तुमच्या हिरीत किती परस पानी हाय?” समोरचा गप्प झाला की म्हणत, “बघा. बघितलंच न्हाई आन् बोलता.” नवऱ्याला त्या ‘बिगरसभासद’ म्हणत. संस्था महिलांची असल्यामुळे ते खरंही होतं. तो गरीब माणूसही कुणी हाक मारली तर त्या नावाला ओ देई.

बाईंच्या आधी फॅट, म्हणजे ज्यावर दुधाचा भाव ठरतो ती स्निग्धता, मोजण्याचं काम आबांच्या भाच्याकडे होतं. आबा म्हणजे संस्थेचे सर्वेसर्वा. कागदोपत्री अध्यक्षा त्यांच्या पत्नी होत्या. अध्यक्षपद आबा भूषवत. भाचा मशीनकडे न बघता दूध घालणाऱ्या बाईच्या नवऱ्याकडे बघून फॅट सांगे. नवरा आबांच्या बैठकीतला असला की म्हैस साडेसातची, नसला की तीच म्हैस साडेपाचची. बाई आल्या आणि गावातल्या म्हशी एका आठवड्यात सुधारल्या. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता, कापूस करपला होता, शिवारात काम नव्हतं. घरोघरी राहिली होती ती दावणीची एखादी म्हैस. तिचं फॅट खरं लागतं की खोटं, यावर ब्याऐंशी घरांच्या चुली अवलंबून होत्या. बाईंची खुर्ची गेली तर भाचा परत येणार, हे पोरासोरांनाही माहीत होतं.

एका मंगळवारी मी रजिस्टरांच्या ढिगात एक जुनी वही उघडली. शाईने आखलेले चार रकाने: तारीख, वेळ, किती मिनिटे, आधी काय झाले. खाली नोंदी. ‘सकाळी सहा चाळीस, तीन मिनिटे, चहा.’ ‘दुपारी एक दहा, चार मिनिटे, चुलीपुढे.’ ‘पहाटे, मोजली नाही, झोपेत.’ ‘सायंकाळी सहा, पाच मिनिटे, आबा आले.’

“हे काय बाई? कॅन तापतात का?”

“कॅन न्हाई, मी तापते,” बाई म्हणाल्या. “वाफ येती अंगात. छातीतून निघती आन् डोस्क्यात जाती. पाळी जायला लागलीय माझी.”

मी पत्र्याकडे पाहायला लागलो.

“वर कावून बघता साहेब? वर काय न्हाई. खाली लिव्हलंय.”

मी वाचणारा माणूस होतो. ‘रजोनिवृत्ती’ हा शब्द मला माहीत होता आणि तो मी एका पुस्तकात अधोरेखितही केला होता. पण एखादी बाई समोर बसून त्याचे रकाने आखेल, ही शक्यता त्या पुस्तकात नव्हती.

दोनेक महिन्यांच्या नोंदी झाल्यावर बाई ती वही घेऊन अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी म्हणे वही दोनदा वाचली आणि विचारलं, “हे आबा कोण?” बाईंच्या मते निदान तिथेच निम्मं झालं होतं. रक्त तपासलं, थायरॉइड बघितलं, बीपी बघितलं. परत आल्यावर मी न विचारताच त्यांनी मला अहवाल दिला.

“वरीसभर पाळी आली न्हाई की मग गेली म्हनायचं. तवर तिचं आपल्या एसटीवानी आसतं. यायची न्हाई म्हनून स्टँडावरून उठून आलं, की येती. वाफा, छातीत धडधड, झोप मोडनं, उगंच राग येनं, हे समदं त्याच्यातच धरायचं. रोग न्हाई ह्यो. चहा कमी करायचा, सुती नेसायचं, ओला गमछा जवळ ठिवायचा, रोज चालायचं. हाडं ठिसूळ हुत्यात, म्हनून दूध आन् तीळ पोटात पायजेत. लईच झालं तर गोळ्या हायेत, पन तपासून, त्यांनी लिहून दिल्यावर. आन् वरीसभर बंद राहून परत रगत दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना. तिथं थांबायचं न्हाई.”

“आणि गावातल्या बायका गर्भाची पिशवी काढून घेतात, ते?”

“वाफेसाठी? चूल धुपती म्हनून कुनी घर पाडतं का साहेब?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी संस्थेत नोटीस लावली: ‘सचिवांना वाफ आल्यास पाच मिनिटे माप बंद राहील. नंतर सुरू होईल. गर्दी करू नये.’ नोटीस लावली की लोकांना कळलं, असा त्यांचा समज होता. सहकारात हा समज सगळ्यांचाच असतो. नोटीस कुणीही वाचली नाही. हॉलच्या त्या भिंतीवर आबांचे सात फोटो होते. आबा फीत कापताना, आबा हार घालताना, आबा हार घालून घेताना. नोटीस सातव्या फोटोखाली होती आणि त्या बाजूला मुद्दाम कुणी पाहत नसे. हॉलला सात फोटो होते, पंखा नव्हता.

देवी आली ती याच हॉलमध्ये, एप्रिल सरताना, मंगळवारी. ‘दुष्काळी परिस्थितीवर सखोल विचारविनिमय’ असा विषय होता आणि आबा पाऊण तास एकटेच विचारविनिमय करत होते. वर पत्रा, बाहेर ऊन, आत शंभर माणसं. बाई इतिवृत्त लिहीत बसल्या होत्या. आबा “आपण सर्वांनी धीरोदात्तपणे” इथपर्यंत आले आणि बाईंचं तोंड लाल झालं. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या. त्यांनी अंबाड्यातलं पेन उपसलं, तसा अंबाडा सुटला. त्या उभ्या राहिल्या, टेबलावरचा तांब्या उचलला, डोक्यावर ओतून घेतला आणि डोळे मिटून मोठमोठे श्वास घेऊ लागल्या.

पुढच्या रांगेतली गयाबाई, वय सत्तरीपुढचं, टुणकन उठली. “आई आली,” ती म्हणाली. कमरेची डबी काढून तिने बाईंचं कपाळ कुंकवाने भरलं आणि पायांवर डोकं ठेवलं. मागून खुर्च्या सरकल्या. सगळं सभागृह उभं राहिलं. आबांनीसुद्धा, क्षणभर विचार करून, हात जोडले.

“आई,” गयाबाईने विचारलं, “पानी कवा पडंल?”

बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, “पंखा लावा.”

सगळ्यांनी वर पाहिलं. पंखाच नव्हता. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “आई पंखा मागती.”

चार मिनिटांनी बाईंनी डोळे उघडले, केस बांधले, घड्याळ बघितलं आणि जुनी वही ओढून नोंद केली. मी शेजारीच होतो. ‘दोन पन्नास, चार मिनिटे, आबांचे भाषण.’ मग म्हणाल्या, “हं, चालू द्या.” पण चालू झालं नाही. संस्थेच्या इतिहासात आबांचं भाषण अर्धवट राहिल्याची ही पहिली वेळ होती. एवढ्यावरूनही पुष्कळांची खात्री पटली.

पुढच्या मंगळवारी मी गेलो तर संस्थेपुढे दुधाच्या किटल्यांपेक्षा नारळ जास्त. बॅटरीवर चालणाऱ्या फॅटच्या मशीनला कुणीतरी हळदीकुंकू लावलं होतं आणि ते आकडे दाखवायचं बंद झालं होतं. एका बाईने कानाला हात लावून कबुली दिली, “आई, कालच्या दुधात तांब्याभर पानी व्हतं, पदरात घ्या.”

“मला माहीत हाय,” बाई म्हणाल्या. “नळीनं कालच सांगितलंय. नारळ उचला आन् रांगेत या.”

प्रत्येकीला त्या तेच सांगत होत्या. “देवी न्हाई, पाळी जायला लागलीय.” बायका मान डोलावून पाया पडत होत्या. देवी स्वतःहून कबूल होत नसते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आबा मात्र व्यवहारी. ते टेबलाशी खुर्ची ओढून बसले. मी रजिस्टरात डोकं घातलं.

“बाई, आयकून घ्या. चार-पाच मंगळवार चालू ठिवा. मी मागं मंडप टाकतो. पुढच्या निवडनुकीला आपलं पॅनल बिनविरोध. तुमाला काय करायचंय? बसायचंय निस्तं.”

“आन् माप?”

“देवी कुठं माप घेती का? माप घ्यायला भाचा हाय की.”

“मग मी न्हाई देवी.”

“आवो, लोक म्हनत्यात ना.”

“लोक मापून बोलत न्हाईत, आबा. तुमी तरी बोला.”

आबा उठले. जाताना मला म्हणाले, “साहेब, हिचं डोकं फिरलंय. तुमी साक्षीदार हाव.” त्याच आठवड्यात विशेष सभेची नोटीस निघाली. ‘सचिव यांची शारीरिक व मानसिक अवस्था संस्थेच्या हिताच्या दृष्टीने चिंताजनक झाल्याने त्यांना पदमुक्त करून संपूर्ण विश्रांती देण्याबाबत.’ इतक्या काळजीने कुणाची नोकरी घेतल्याचं मी तोवर वाचलं नव्हतं. गावाकडे बाईंना देण्यासाठी दोनच आसनं होती, देवीचं आणि वेडीचं. त्यांना आपली लोखंडी खुर्चीच हवी होती.

सभेआधी त्या मला एवढंच म्हणाल्या, “साहेब, संघाच्या शीतकेंद्रावर आमच्या कॅनचं सॅम्पल रोज परत तपासत्यात ना? ते तीन महिन्याचं बुक घेऊन या.” मी नेलं. शिवाय मी एक धाडस केलं, अर्थात नियमाच्या आडोशाने. पदमुक्तीचा ठराव असेल तर सभेला निवडून आलेल्या अध्यक्षाच हव्यात, असं संघाच्या वतीने लेखी कळवलं. त्यामुळे आबांच्या पत्नी पाच वर्षांत पहिल्यांदा आपल्या खुर्चीवर येऊन बसल्या. ठेंगणी, गोरी बाई, भरजरी नेसलेली, पदर कपाळापर्यंत. आबा बाजूला उभे राहून बोलू लागले. बाईंच्या प्रकृतीची त्यांना वाटणारी काळजी वीस मिनिटं चालली.

मग बाई उठल्या. एका हातात फॅटचं रजिस्टर, दुसऱ्यात वही.

“माझं डोकं फिरलंय म्हनत्यात. फिरलं आसंल तर माप चुकलं पायजे. वाफ कवा आली ते ह्या वहीत हाय. त्या येळंला फॅट काय काढलं ते ह्या रजिस्टरात. आन् शीतकेंद्रानं त्याच दुधाचं काय काढलं ते साहेबांकडं. साहेब, वाचा. येक दिस चुकलेला दाखवा, मी घरी जाते.”

मी वाचू लागलो. संस्थेचं, शीतकेंद्राचं. संस्थेचं, शीतकेंद्राचं. फरक एखाद्या पॉइंटचा, तोही कधीमधी. दोन महिन्यांचं वाचून झालं तेव्हा लोक जांभया देत होते, आणि बाईंच्या दृष्टीने यापेक्षा चांगलं काही नव्हतं. मग एका तारखेला मी अडखळलो. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा मोठा फरक होता.

आबा पुढे सरकले. “बघा. म्हनलं न्हवतं?”

बाईंनी वही उघडली. “त्या दिशी मी अंबाजोगाईला गेलते. माप भाच्यानं घेतलंय. सही बघा.”

सही भाच्याची होती. मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. भाचा पाणी प्यायला म्हणून बाहेर गेला.

आबांनी दिशा बदलली. “पन ह्या बायकांच्या गोष्टी आशा सभेत...”

“सभासद कोन हायेत?” बाईंनी विचारलं. “ब्याऐंशी बायका. आन् विषय तुमीच घेतलाय पटलावर. शारीरिक अवस्था म्हनून.”

आणि त्या अंबाजोगाईचा अहवाल सांगू लागल्या, मला सांगितला होता तसाच, एसटीसकट. पुरुष पत्र्याकडे पाहू लागले. त्या दिवशी पत्र्याकडे पाहणाऱ्यांत मी नव्हतो, याचा मला अजूनही थोडा अभिमान आहे. बायकांत आधी कुजबुज झाली, मग एकेक आवाज मोठा होत गेला.

“मला बी येती की. मी म्हनलं मिरची लई झाली.”

“माझ्या सासूनं तर लिंबू उतरून टाकलं मह्यावरून.”

गयाबाई विचारात पडली होती. “आगं,” ती स्वतःशीच म्हणाली, “म्हंजी माझ्या अंगात दोन वरीस आलतं, ते बी...”

हशा पिकला. तो ओसरत असताना तिसऱ्या रांगेतली एक चाळिशीची बाई बसूनच म्हणाली, “माझी पिशवी काढली. दोन वरसं झाली. ह्याच्यासाठीच काढली. वाफा काय थांबल्या न्हाईत.”

हसणं थांबलं. बाई तिच्यापाशी गेल्या, ओला गमछा तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “बुधवारी माझ्यासंगं अंबाजोगाईला चला. तपासून घिऊ.” मग परत जागेवर आल्या.

आबांना शांतता सहन होत नसे. त्यांनी भाषण पुन्हा हातात घेतलं. सहकार, संस्कृती, स्त्रीचं मांगल्य. ते मांगल्यावर असताना मला खुर्चीकडून कागदाचा आवाज आला. अध्यक्षाबाई विषयपत्रिकेने वारा घेत होत्या. आधी हळू, मग जोरात. गोरं तोंड लालबुंद झालं होतं, भरजरी पदर कपाळावरून मागे गेला होता, घाम हनुवटीवरून टपकत होता. आपल्याकडे सगळं गाव बघतंय हे त्यांना कळत होतं आणि उठून कुठे जावं ते कळत नव्हतं. गयाबाईचा हात सवयीने डबीकडे गेला. मग तिने तो मागे घेतला.

बाईंनी तांब्या उचलला, पदराचं टोक भिजवलं आणि अध्यक्षाबाईंच्या मानेवर ठेवलं. दुसऱ्या हाताने घड्याळ बघून वहीत लिहिलं. “तीन वाजून पाच,” त्या म्हणाल्या. “चार मिन्टं लागत्यात, ताई. लांब श्वास घ्या. काय हुत न्हाई.”

आबांच्या भाषणासकट सगळा हॉल चार मिनिटं थांबला. नोटिशीत पाच लिहिलं होतं.

अध्यक्षाबाईंनी तोंड पुसलं. पदर डोक्यावर घ्यायला हात उचलला आणि तसाच खाली आणला. “ठराव नामंजूर,” त्या म्हणाल्या.

“आवो, मतदान...” आबा म्हणाले.

“घ्या की मग.”

ब्याऐंशी सभासदांपैकी त्या दिवशी हजर होत्या एकाहत्तर. ठरावाच्या बाजूने एक हात वर झाला, तो आबांचा होता आणि आबा सभासद नव्हते.

मी त्या संध्याकाळी घरी आलो आणि बायकोला विचारलं, “तुला अंगात वाफ येते का गं?”

ती पोळी उलटत होती. “दोन वर्षं झाली. तुम्ही कुठं होता?”

“रूटवर,” मी म्हणालो. ते खरं होतं, पण मापून बोललो असतो तर आणखी थोडं बोललो असतो. दुसऱ्या दिवशी मी शाईने चार रकाने आखून एक वही तिला दिली. तिने तिच्यात धोब्याचा हिशोब लिहिला, आणि अंबाजोगाईला मात्र माझ्यासोबत आली.

बाई पुढे बरीच वर्षं सचिव राहिल्या. वाफा दोनेक वर्षांत विरळ झाल्या. शेवटची नोंद मी पाहिली आहे. तिच्यापुढे ‘आधी काय झाले’ या रकान्यात लिहिलंय, ‘काही नाही. आठवण म्हणून आली असेल.’ त्यानंतरची पानं कोरी. वही मात्र संस्थेतच राहिली आणि वेगवेगळ्या अक्षरांत भरत गेली. तिसऱ्या रांगेतल्या त्या बाईचं नाव तिच्यात पुष्कळ वेळा आहे. दोन वर्षांच्या नोंदी अध्यक्षाबाईंच्या आहेत. त्या ‘आधी काय झाले’ हा रकाना कधीच भरत नसत. घरून आल्या आहेत हे सगळ्यांना दिसतच असे.

पाऊस त्या साली पडला नाही. गयाबाईचं मत शेवटपर्यंत पूर्ण बदललं नाही. पाळी खरी, पण देवीनेही काहीतरी मागितलं होतंच, असं ती म्हणे. तिने म्हशीची रेडी विकली आणि संस्थेला पंखा दिला. आबांनी त्याचं उद्घाटन केलं. त्याचा फोटो भिंतीवरचा आठवा. पंखा अध्यक्षांच्या खुर्चीच्या बरोबर वर आहे आणि त्याच्या एका पातीवर तांबड्या रंगात ‘आईच्या चरणी’ असं लिहिलेलं आहे.

संस्थेच्या सभा दुपारी दोनला असतात. त्या लाइनवर वीज रात्री अकराला येते.